बिनचिठ्ठीचं खोकं

कपबशांच्या कारखान्यात पॅकिंगच्या टेबलाशी उभं राहून तिला बावीस वर्षं झाली होती. नव्याने लागलेल्या मुली तिला मावशी म्हणत. त्यांचं ऐकून मुकादम म्हणायला लागला, आणि पुढे तर फाटकावरचा रखवालदार, जो तिच्याहून चांगला दहा वर्षांनी मोठा होता, तोही ‘मावशी, आज उशीर?’ असं विचारू लागला. तिने कधी हरकत घेतली नाही. कमी लेखून म्हटलं नाही म्हणजे झालं, एवढंच तिचं म्हणणं.

खोकी भरण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. टेबलाच्या त्या टोकाहून एखादी मुलगी विचारायची, ‘‘मावशी, चोपन्न नग आलेत, कशात घालू?’’ की ही मान वर न करता सांगायची, ‘‘सहा नव्वे. मधलं खोकं घे.’’

‘‘आणि हे अठ्ठेचाळीस?’’

‘‘सहा आठे. आतली पुठ्ठ्याची जाळी सरळ बसव, कालच्यासारखी तिरकी नको.’’

‘‘त्रेपन्न?’’

‘‘तो अडेलतट्टू आहे. कुठल्याच खोक्यात बसायचा नाही. एक कप परत पाठव, नाहीतर एक मागवून घे.’’

अशा आकड्यांना शाळेत मूळ संख्या म्हणतात हे तिला ठाऊक होतं. पण अडेलतट्टू म्हटलं की मुलींना चटकन कळायचं, म्हणून तोच शब्द खात्यात रूढ झाला होता. आता तर मुकादमही नव्या माणसाला सांगायचा की सतरा, एकोणीस, तेवीस हे सगळे अडेलतट्टू, त्यांच्या नादाला लागू नकोस.

अशी ही बाई पर्यवेक्षकाच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती.

परीक्षा कारखान्याची असली तरी ती घ्यायला बाहेरची माणसं यायची. कॉम्प्युटरसमोर बसायचं, एका तासात चाळीस प्रश्न सोडवायचे. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं दिलेली, त्यातलं एक निवडायचं. बरोबर आलं तर एक गुण, चुकलं तर पाव गुण वजा. सव्वीस गुण मिळाले की पास. पहिल्या खेपेला तिला एकवीस मिळाले, तेव्हा तिला फारसं वाईट वाटलं नाही, कारण निम्मा वेळ तिचा तो माउस पकडण्यातच गेला होता. दुसऱ्या खेपेला सव्वापंचवीस मिळाले. पाऊण गुणाने गेली. आणि तो गुण कुठे गेला हेही तिला कळलं, कारण बरोबर उत्तरांची यादी नंतर भिंतीवर लावली होती. छत्तीसला एकूण किती विभाजक आहेत, असा प्रश्न होता. तो वाचून परीक्षेत तिला हसूच आलं होतं. छत्तीस कप तिने आयुष्यात किती हजार वेळा लावले असतील. दोन अठरा, तीन बारा, चार नव्वे, सहा सख. म्हणजे दोन, तीन, चार, सहा, नऊ, बारा, अठरा. सात. समोर सातचा पर्यायही होता. तिने तो निवडला आणि पुढे गेली.

भिंतीवरच्या यादीत उत्तर नऊ होतं.

‘‘एक आणि छत्तीस कुठे गेले?’’ ताईंनी घरी विचारलं.

ताई म्हणजे तिची थोरली नणंद. शाळेत तेहेतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, भावाच्याच घरात वरच्या खोलीत राहणाऱ्या. खडू हातातून सुटला तरी बोलण्यातला खडूसपणा सुटला नव्हता.

‘‘ते कशाला धरायचे?’’ मावशी म्हणाली.

‘‘कशाला म्हणजे? एकाने छत्तीसला भाग जातो ना? छत्तीसने छत्तीसला जातो ना?’’

‘‘जातो की. पण ताई, एका ओळीचं खोकं नसतंच. छत्तीस कपांची एकच ओळ लावली आणि उचलली, तर खोकं मधे वाकतं. आतल्या कपांचे कान उडतात. आम्ही असलं खोकं मोजतच नाही.’’

‘‘अगं, इथे कप कुठे आहेत? इथे नुसते छत्तीस आहेत.’’

‘‘नुसते छत्तीस म्हणजे छत्तीस काय?’’

ताई चष्मा काढून पुसत म्हणाल्या, ‘‘इतकी वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.’’

परीक्षेला तीनदाच बसता यायचं. तिसरी खेप आता उरली होती, आणि ती तीन आठवड्यांवर आली होती. एवढ्याने काही कोणाची झोप उडत नाही. नाही झाले पर्यवेक्षक तर आहे ते काम काय वाईट आहे, असं ती दोन वर्षांपूर्वी सहज म्हणाली असती. पण आता तिला तसं म्हणता येत नव्हतं, आणि का ते तिने कोणालाही सांगितलं नव्हतं.

तिचं उजवं मनगट गेलं होतं.

चार महिन्यांपूर्वी एक खोकं उलटं करताना मनगटात कळ आली, ती गेलीच नाही. जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच जाऊन डॉक्टरला दाखवून आली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी अंगठा वाकवून पाहिला, बोटं दाबून पाहिली आणि विचारलं, ‘‘काम काय करता?’’ तिने सांगितलं. ते म्हणाले, ‘‘हेच काम करत राहिलात तर सहा महिन्यांनी या हाताने कपही उचलता येणार नाही.’’ तिने मनगटाचा पट्टा घेतला. तो ती पिशवीच्या तळाशी ठेवायची आणि फक्त बस येईपर्यंत थांब्यावर बांधायची.

पॅकिंग खात्यात दिवसाला एकशे ऐंशी खोकी भरायचा दंडक होता. महिनाअखेर सरासरी काढत. सलग तीन महिने ती खाली गेली तर पत्र यायचं. पत्रात नोकरीतून काढलं असं लिहिलेलं नसायचं, ‘आपल्या प्रकृतीस हे काम झेपत नसल्याचे दिसून येते’ असं लिहिलेलं असायचं, पण अर्थ तोच. तिची सरासरी दोन महिन्यांपूर्वी एकशे एकाहत्तर आली होती आणि गेल्या महिन्यात एकशे सहासष्ट. हा तिसरा महिना चालू होता.

पर्यवेक्षकाला खोकी भरावी लागत नाहीत. हातातल्या फळीवर कागद लावून फिरायचं, मोजायचं, सही करायची. परीक्षा महिन्याच्या सव्वीस तारखेला होती. पास झाली तर तीस तारखेचा हिशेब तिला लागूच होणार नव्हता.

घरी तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, दिवसभर दोन मजल्यांच्या मधे लटकून यायचा. त्याला सांगितलं असतं तर तो लगेच म्हणाला असता, सोड नोकरी, घरी बस. प्रेमानेच म्हणाला असता. आणि ताई म्हणाल्या असत्या, मी कधीची सांगतेय. ते ‘घरी बस’ ऐकलं की आपलं काहीतरी कायमचं संपेल अशी धास्ती तिच्या मनात बसली होती. शिवाय बोललं की ते खरं होतं, असंही तिला वाटायचं. न बोलता ठेवलं तर कदाचित देवाच्या मनात काही वेगळं असेल.

तर रोज दुपारी अडीचला पहिली पाळी संपवून ती घरी यायची, तोंड धुवायची, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ताईंसमोर वही उघडून बसायची.

ताईंची शिकवण्याची एक जुनी पद्धत होती. चूक झाली की ती शंभर वेळा लिहायची. मावशीला त्यांनी लिहायला लावलं: ‘एक आणि ती संख्या स्वतः हेही विभाजक असतात.’ शंभर ओळी. पहिल्या दिवशी साठाव्या ओळीला मनगटातून वीज गेल्यासारखं झालं. तिने पेन डाव्या हातात घेतलं, मग ताईंची नजर वर आली तसं परत उजव्या हातात घेतलं.

‘‘काय गं, अक्षर बघ कसं पाय फुटल्यासारखं चाललंय,’’ ताई म्हणाल्या.

‘‘सवय नाही राहिली, ताई.’’

‘‘होईल. लिहीत राहा.’’

तरीही दुसऱ्या दिवशी ताईंनी विचारलं, ‘‘वीसचे विभाजक?’’ आणि ती म्हणाली, ‘‘चार. दोन, चार, पाच, दहा.’’

ताईंनी कपाळाला हात लावला. ‘‘आणखी शंभर.’’

असं चार दिवस झालं. ती चौथ्या दिवशीही चुकली, पण ताईच कंटाळल्या आणि त्यांनी दुसरी वाट धरली. ‘‘हे बघ, तू मोजूच नकोस. सूत्र वापर. बाहत्तर घे. त्याचे मूळ अवयव पाड. दोन दुणे चार, चार दुणे आठ, म्हणजे दोन किती वेळा? तीन वेळा. आठ नव्वे बाहत्तर, नऊ म्हणजे तीन दोन वेळा. आता त्या तीनमध्ये एक मिळव, चार. त्या दोनमध्ये एक मिळव, तीन. चार त्रिक बारा. बाहत्तरला विभाजक बारा. झालं.’’

‘‘एक का मिळवायचा?’’

‘‘सूत्र आहे ते.’’

‘‘हो, पण का?’’

‘‘अगं, परीक्षेत ‘का’ विचारणार नाहीत, ‘किती’ विचारणार आहेत.’’

‘‘ताई, मला का ते कळलं नाही की मी ऐन वेळी विसरते. मागे तसंच झालं.’’

ताईंनी कागदावर काहीबाही लिहून दाखवलं, घातांक शून्य म्हणजे एक वगैरे. मावशीने मान डोलावली. डोक्यावरून गेलं होतं सगळं. तिला मनातून भयंकर भीती वाटत होती. दहा दिवस राहिले होते. बाकीचं तिला येत होतं: मसावि येत होता, लसावि येत होता, तीनने भाग जातो की नाही ते अंकांची बेरीज करून सांगता येत होतं. ज्या संख्येला बारानेही भाग जातो आणि अठरानेही, तिला कशाने नक्कीच भाग जाईल, असं विचारलं की पूर्वी ती दोन्हींचा गुणाकार सांगायची. आता ती छत्तीस म्हणायला शिकली होती, कारण ताईंनी ‘नक्कीच’ या शब्दाखाली रेघ मारायला शिकवलं होतं. पण या एकाच जागी तिचं गाडं अडत होतं. तिचे हात बावीस वर्षं जे शिकले होते, ते वहीतल्या चारशे ओळींना ऐकत नव्हते.

खात्यातही निभत नव्हतं. मुकादम वाईट माणूस नव्हता. एके दिवशी तिच्याजवळ येऊन, कागदाकडे बघतोय असं दाखवत तो हळूच म्हणाला, ‘‘मावशी, आज एकशे बावन्नच झालीत.’’

‘‘जाळ्या खराब आल्यात.’’

‘‘जाळ्या सगळ्यांनाच त्याच आल्यात.’’ त्याने कागद उलटला. ‘‘सव्वीसला परीक्षा ना? नीट द्या. मला ती पत्रं वाटायला अजिबात आवडत नाही.’’

पुढचं खोकं तिने डाव्या हाताने ओढलं तेव्हा शेजारची मुलगी म्हणाली, ‘‘मावशी, तुम्ही डावखुऱ्या कधी झालात?’’ ही म्हणाली, ‘‘दोन्ही हात दिलेत देवाने, एकालाच का राबवायचं?’’ मुलगी हसली. मावशीला स्वतःच्याच खोटेपणाची शरम वाटली, कारण देवाचं नाव असं पांघरूण घालायला वापरायची तिला सवय नव्हती.

परीक्षेच्या चार दिवस आधी, मंगळवारी, भरलेल्या खोक्यांना चिठ्ठ्या लावायचं काम तिच्याकडे आलं. हे काम हलकं, म्हणून पाळीपाळीने देत. खोक्यात किती नाजूक माल आहे त्याप्रमाणे लाल चिठ्ठ्या लागत: साध्या मालाला एकही नाही, मग एक, दोन, आणि अगदी पातळ काठाच्या कपांना तीन. आणि वर किती वजन ठेवायचं नाही त्याप्रमाणे निळ्या: एकही नाही, एक, किंवा दोन. चिठ्ठ्या लावून झाल्या की प्रत्येक जातीचं खोकं आपापल्या फळीवर जायचं. फळ्या बारा होत्या. त्या बारा आहेत हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

तीन लाल, दोन निळ्या. तिने बाराव्या फळीवर खोकं ठेवलं, आणि तिचा हात तिथेच राहिला.

बाहत्तर. तीन वेळा दोन, दोन वेळा तीन.

लाल चिठ्ठी म्हणजे दोन. निळी म्हणजे तीन. लाल लावायची तर शून्य, एक, दोन किंवा तीन. चार तऱ्हा. निळी शून्य, एक किंवा दोन. तीन तऱ्हा. तो मिळवलेला एक म्हणजे ‘एकही नाही’ ही तऱ्हा होती. चार त्रिक बारा फळ्या. पहिल्या फळीवर एकही चिठ्ठी नसलेलं खोकं. ते काय कोणी फेकून देतं? तेही गाडीत चढतं, तेही मोजतात. तेच ते एक. आणि सगळ्या चिठ्ठ्या लागलेलं, पाचही चिकटवलेलं शेवटच्या फळीवरचं खोकं, ते बाहत्तर स्वतः.

तिने हळूच फळ्यांवरून नजर फिरवली. एक लाल: दोन. दोन लाल: चार. एक लाल एक निळी: सहा. सगळे जागच्या जागी बसले होते. इतकी वर्षं ते तिच्यासमोर रचून ठेवलेले होते.

घरी येऊन तिने ताईंना सांगितलं तेव्हा ताईंनी तिला दोनदा बोलायला लावलं. मग म्हणाल्या, ‘‘शंभर?’’

‘‘दोनचे दोन, पाचचे दोन. तीन त्रिक नऊ फळ्या.’’

‘‘एकशे वीस?’’

‘‘तीन लाल, एक निळी, आणि… पाचासाठी एक पिवळी धरू. चार, दोन, दोन. सोळा.’’

‘‘कोणत्या संख्येला विभाजक विषम येतात? अठ्ठेचाळीस, पन्नास, चौसष्ट, बाहत्तर?’’

‘‘चौसष्ट. आठ आठे. चौकोनी खोकं फिरवलं तरी तेच राहतं.’’

ताईंनी स्वतःची शिकवायची वही काढली आणि पेन्सिलीने काहीतरी लिहून ठेवलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली बाई हे कोणासाठी लिहून ठेवते, असं मावशीच्या मनात आलं, पण विचारलं नाही.

सव्वीस तारखेला सकाळी तिने देवासमोर हात जोडले. पास कर असं मागायचं नाही हे तिने ठरवलं होतं. फक्त तेवढा वेळ डोकं जागेवर ठेव, असं म्हणाली. मग तिला वाटलं, हेही मागणंच झालं. तशीच निघाली. ताई सोबत आल्या. नको म्हटलं तरी आल्या.

परीक्षेची खोली लांबट होती. थंड हवेचं यंत्र इतकं सोडलेलं की बोटं आखडत होती. गार हवेत मनगट जास्तच बोलायला लागलं. माउस उजव्या हाताने हलवला की अंगठ्याच्या मुळाशी टाचणी टोचल्यासारखं व्हायचं. पाचव्या प्रश्नाला तिने तो डावीकडे घेतला. डाव्या हाताला बाण ऐकेना. एकदा तर तो भलत्याच उत्तरावर जाऊन बसला. ते बदलायला अर्धं मिनिट गेलं.

चौऱ्याऐंशी आणि एकशे सव्वीस यांचा मसावि. बेचाळीस. नेमके तीनच विभाजक असलेली संख्या: एकवीस, सत्तावीस, पस्तीस, एकोणपन्नास. एकोणपन्नास, अडेलतट्टूचा वर्ग. ती भराभर चालली. घड्याळ पडद्याच्या कोपऱ्यात उलटं मोजत होतं. ते बघायचं नाही असं ठरवूनही डोळा तिकडेच जायचा.

एकतिसावा प्रश्न खुर्च्यांचा होता. सभागृहात साठ खुर्च्या, प्रत्येक ओळीत सारख्याच संख्येने मांडायच्या. ओळींच्या संख्येसाठी किती पर्याय आहेत? तिला आनंद झाला. साठ म्हणजे दोन लाल, एक निळी, एक पिवळी. तीन, दोन, दोन. बारा. एक आणि साठ धरून बारा. समोर बाराचा पर्याय होता. तिने तो निवडला. मनात ताईंना म्हणाली, बघा, विसरले नाही.

बत्तिसावा झाला. तेहेतिसावा टक्केवारीचा, तो सोडला. चौतिसावा केला. पस्तिसाव्याला बसली असताना तिला उगाच बेचैन वाटायला लागलं. काय ते कळेना. कुठेतरी काहीतरी उचललंय आणि ते मधे वाकतंय, असं. बावीस वर्षांत असं वाटलं आणि ते खोटं निघालं, असं कधी झालं नव्हतं. पण इथे तर खोकं नव्हतं. सहा मिनिटं राहिली होती आणि पाच प्रश्न बघायचेच होते. मागे गेलं तर ते जातील. ताईंनी बजावलं होतं, मागे वळून बघत बसू नकोस, पहिलं उत्तर बहुतेक बरोबर असतं.

ती मागे गेली.

साठ खुर्च्या. प्रत्येक ओळीत सारख्याच. तिने या वेळी शेवटपर्यंत वाचलं. खाली, दुसऱ्या ओळीत, बारीक अक्षरात होतं: ओळी किमान दोन असाव्यात आणि प्रत्येक ओळीत किमान दोन खुर्च्या असाव्यात.

म्हणजे एका ओळीची मांडणी चालणार नव्हती. साठ ओळींचीही नाही. चारशे ओळी लिहून जे शिकली होती ते इथे काढून टाकायचं होतं. बारातून दोन गेले, दहा. दहाचा पर्याय होता. पाचचाही होता. खोकं फिरवलं तर तेच राहतं, म्हणून खात्यात पाचच मोजले असते. पण खुर्च्यांच्या दोन ओळी म्हणजे तीस ओळी नव्हेत. प्रश्नात ओळींची संख्या विचारली होती. दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा, पंधरा, वीस, तीस. बोटांवर मोजले. दहा.

तिने माउस उजव्या हातात घेतला, कारण आता चुकून चालणार नव्हतं. टाचणी टोचली. तिने दात आवळून बाण दहावर नेला आणि दाबला.

उरलेल्या पाचांपैकी दोन प्रश्न तिला बघायला मिळाले. मग पडदा आपोआप पांढरा झाला.

गुण तिथेच दिसायचे, थोड्या वेळाने. एक चक्र फिरत राहिलं. शेजारचा माणूस उठून गेला. तिने पदर हाताभोवती गुंडाळून मनगट दाबून धरलं, आणि डोळे मिटले नाहीत, कारण मिटले तर उघडायची हिंमत होणार नाही असं वाटलं. चक्र थांबलं. अठ्ठावीस बरोबर, पाच चूक, सात सोडलेले. एकूण सव्वीस पूर्णांक पंच्याहत्तर. खाली लिहिलं होतं: उत्तीर्ण.

तिने ते तीनदा वाचलं. आधीचा एक प्रश्न अर्धाच वाचून आपण बारावर ठोकून दिलं होतं, हे आठवून तिने हिशेब केला: ते तसंच ठेवलं असतं तर साडेपंचवीस.

बाहेर समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर ताई बसल्या होत्या. तिला पाहून उठल्या नाहीत.

‘‘किती?’’

‘‘पावणेसत्तावीस.’’

ताईंनी मनात हिशेब केला. ‘‘मागे पाऊण खाली होतीस, आता पाऊण वर. म्हणजे एकूण दीड गुणाची अक्कल वाढली.’’ असं म्हणून त्यांनी तिचा दंड घट्ट धरला, आणि तो बराच वेळ सोडला नाही.

दोघी चालू लागल्या. ताई भरभरून बोलत होत्या. कोणता प्रश्न आला, चौसष्टसारखं आलं का, ‘नक्कीच’च्या खाली रेघ मारलीस का. मावशी उत्तरं देत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. तीस तारीख आता तिची राहिली नव्हती. चार महिने छातीवर जो दगड होता तो बाजूला झाला होता, आणि त्याखाली जे होतं ते आता दिसायला लागलं होतं. बसच्या थांब्याशी आल्यावर तिने पिशवीच्या तळातून पट्टा काढला आणि ताईंच्या समोरच मनगटावर बांधायला लागली.

‘‘हे काय?’’

तिने सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते, एकशे एकाहत्तर आणि एकशे सहासष्टचं, पत्राचं. एका दमात सांगितलं.

‘‘आणि माझ्या भावाला?’’

‘‘त्यांनाही नाही. म्हणाले असते घरी बस.’’

‘‘मीही म्हणाले असते.’’

‘‘माहीत आहे.’’

बस येऊन गेली, ताईंनी तिकडे पाहिलंही नाही. ‘‘आणि मी तुला शंभर ओळी लिहायला लावल्या.’’

‘‘चारशे.’’

‘‘चारशे.’’ ताई हळू म्हणाल्या. ‘‘अगं, मग बोलायचं नाही का तू? मी काय राक्षस आहे? तोंडी घेतलं असतं मी सगळं.’’ आवाज चढला तसा त्यांनी तो आवरला, कारण थांब्यावर माणसं होती. मग पट्ट्याचं टोक मावशीच्या हातातून घेऊन त्यांनी स्वतः बांधलं, वेडंवाकडं, शाळेतल्या मुलाच्या बुटाची नाडी बांधावी तसं.

‘‘आत्ता दुखतंय?’’

चार महिन्यांत या प्रश्नाला तिने कोणालाच खरं उत्तर दिलं नव्हतं.

‘‘हो,’’ ती म्हणाली. आणि जरा थांबून, ‘‘खूप.’’